पाऊस (कँटोनीज बोलीतील शब्द)

हाँगकाँग, मकाव आणि दक्षिण चीनमधील ग्वांगतुंग प्रांतात बोलल्या जाणाऱ्या कँटोनीज भाषेत पावसाचे बोलणे ‘लोक यू’ या जोडीपासून सुरू होते. ‘लोक’ म्हणजे उतरणे, ‘यू’ म्हणजे पाऊस. शिकणाऱ्याने सरींची नावे पाठ करण्याआधी पावसाची क्रियापदे पक्की करावीत, कारण भाषेची घडणच तशी आहे. पाऊस चालू असेल तर ‘लोक कन यू’ म्हणतात. चालू क्रिया दाखवणारा ‘कन’ दोन्ही शब्दांच्या मधे शिरतो. मोठा पाऊस असेल तर ‘लोक ताइ यू’. ‘लोकयू’ असा एकच शब्द घोकणाऱ्याला ही फट दिसतच नाही. शिवाय हेच ‘लोक’ बसमधून उतरतानाही लागते. मेघगर्जना ‘चालते’, वादळ ‘मारते’, आणि छत्री (‘चे’) खांद्यावर ओझे वाहावे तशी ‘ताम’ करतात. मराठी भाषकाला ‘पाऊस पडणे’ आठवून हे सोपे वाटेल. पण मराठीत पाऊस कर्ता म्हणून आधी येतो, इथे तो क्रियापदामागून येतो.

खरी गोडी नावांत आहे, हा आक्षेप रास्त आहे. उन्हात अचानक कोसळणारी सर ‘पाक चोंग यू’, भुरभुर ‘मोऊ मोऊ यू’. पण मुसळधार पावसाला ‘लोक कौ सी’, म्हणजे कुत्र्याची विष्ठा पडणे, असे म्हणतात. त्यात पावसाचे नावही नाही. अर्थाचा धागा ‘लोक’नेच धरलेला आहे. दुसरा आक्षेप असा की छापील चिनीत ‘लोक’ऐवजी दुसरेच क्रियापद असते. ते वाचनासाठी शिकावेच, परंतु बसथांब्यावर ते पुस्तकी वाटते. सुरांचा मुद्दा मात्र निर्विवाद मान्य करावा लागतो : खालून चढत्या सुरातला ‘यू’ पाऊस, खाली उतरत्या सुरातला ‘यू’ मासा. देवनागरीत हा फरक दिसत नाही, तो कानांनीच शिकावा.

क्रियापद किती चिवट असते, हे इशाऱ्यांवरून कळते. तासाला ७० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला किंवा होण्याची शक्यता असली की हाँगकाँग वेधशाळा काळा इशारा देते. लोक त्याला ‘हक यू’, काळा पाऊस, म्हणतात. पूर्वी वादळाचे बावटे खांबावर चढवत, म्हणून इशाऱ्याचे क्रियापद ‘क्वा’, म्हणजे टांगणे. शेवटचे बावटाकेंद्र २००२ साली बंद झाले. पावसाचा इशारा तर १९९२ साली सुरू झाला आणि खांबावर कधी चढलाच नाही, तरी बोलण्यात काळा पाऊस आजही टांगलाच जातो.