कबूतर, काठी आणि तारेचा खांब

शेतात पाखरं राखायला माळा उभारायचा असेल तर मेढी कुठल्या लाकडाच्या घ्यायच्या, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. बेचकं कुठे फुटलंय ते पाहायचं, कीड लागलेलं लाकूड बाजूला टाकायचं, माणसाचं ओझं पेलेल की नाही ते हातानं हलवून बघायचं. शिकाऱ्यालाही नेमकं हेच ज्ञान लागतं. फरक एवढाच, की माळ्यावरचा माणूस पाखरं उडवून लावायला बसतो आणि लपणीतला माणूस ती खाली उतरावीत म्हणून श्वास रोखून बसतो. आज मी ज्या लाकडांविषयी बोलणार आहे ती उत्तर अमेरिकेच्या जंगलातली आहेत. आणि ज्या पाखराविषयी बोलणार आहे, ते आता या जगात नाही.

इंग्रजीत त्याला पॅसेंजर पिजन म्हणत. आपण प्रवासी कबूतर म्हणू. गळ्यात चिठ्ठी बांधून धाडतात ते कबूतर हे नव्हे. हे रानातलं, झुंडीनं राहणारं पाखरू. पाठ निळसर करडी, नराची छाती दारूच्या रंगासारखी तांबूस, डोळे लाल, शेपटी लांब आणि निमुळती. ओक, बीच आणि चेस्टनट या झाडांची फळं हे त्याचं मुख्य अन्न. ही झाडं दरवर्षी सगळीकडे सारखी फळत नाहीत. म्हणून जिथे पीक आलं असेल तिथे हे थवे जात. नावात प्रवासी शब्द आहे तो त्यामुळेच.

संख्या किती म्हणाल? युरोपातले लोक अमेरिकेत आले तेव्हा ही कबुतरं ३०० ते ५०० कोटी असावीत, असा अंदाज पक्षिशास्त्रज्ञांनी केलेला आहे. अलेक्झांडर विल्सन या पक्षिअभ्यासकानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंटकी राज्यात एक थवा पाहिला. थव्याची रुंदी, वेग आणि जायला लागलेला वेळ यांचा त्यानं गुणाकार केला आणि २२३ कोटी २ लाख ७२ हजार असं उत्तर काढलं. शेवटचे ७२ हजारसुद्धा त्यानं सोडले नाहीत, याची मला गंमत वाटते. १८१३च्या शरद ऋतूत ऑड्युबन हा चित्रकार हेंडरसनहून लुइव्हिलला चालला होता. त्याच्या डोक्यावरून जाणारा थवा तीन दिवस संपला नाही. भर दुपारी ग्रहण लागावं तसा उजेड मंद झाल्याचं त्यानं लिहून ठेवलं आहे.

एवढी पाखरं डोक्यावरून जात असताना माणूस उपाशी कसा राहील? न्यू इंग्लंडमधले शेतकरी रानाच्या कडेला डहाळ्यांचं एक खोपटं करत. त्याला ते ‘बाऊ हाऊस’ म्हणत, म्हणजे डहाळ्यांचं घर. चार मेढी, वर आडवे वासे आणि सगळीकडून हिरवी पालवी. पालवी सुकली की बदलावी लागे, कारण हिरव्या रानात तपकिरी ढीग पाखराला लगेच खुपतो. पण खोपट्यापेक्षा महत्त्वाचा असे तो त्याच्यासमोरचा लांब दांडा. मोकळ्या जागेत, उंचावर, फांद्या तासलेला एकच दांडा असा बसवायचा की त्याची रेघ थेट खोपट्यातल्या बंदुकीच्या तोंडाशी यावी. खाली दाणे किंवा ओकची फळं पसरलेली. थवा उतरताना आधी बसायला जागा शोधतो. पाखरं दांड्यावर खांद्याला खांदा लावून बसली, की आतला माणूस दांड्याच्या रेषेत एकच बार काढी आणि अख्खी ओळ खाली येई.

आता हा दांडा निवडायचा कसा, विचार करा. एक कबूतर साधारण ३५० ग्रॅमचं. साठ बसली तर २० किलोंच्या वर ओझं, आणि तेही एका जागी स्थिर नाही. फडफडणारं, सरकणारं, एकदम येऊन आदळणारं. दांडा वाकला तर ओळ बिघडते, करकरला तर थवा उठतो, मोडला तर सकाळ वाया. म्हणजे लांब हवा, सरळ हवा, ताठ हवा आणि आतून पोकळ नको. थोरोच्या रोजनिशीत कॉन्कॉर्डच्या रानातल्या अशा कबुतरांच्या जागांची नोंद आहे. ज्याची अशी जागा असे, तो ती पिढ्यान्पिढ्या राखी.

दुसरा प्रकार जाळ्याचा. इथे काठीचा गुण नेमका उलटा लागे. जमीन साफ करून, दाणे किंवा मीठ टाकून एक अंथरूण तयार करत आणि त्याच्या कडेला जाळं घडी करून ठेवत. जाळ्याच्या दोराला दोन लवचीक काठ्या बांधायच्या. त्या मागे वाकवून ताणून ठेवायच्या आणि खटक्याची दोरी खोपट्यात न्यायची. दोरी ओढली की काठ्या उसळून सरळ होत आणि जाळं पाखरांच्या वरून पलीकडे जाऊन पडे. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच. वाळलेलं लाकूड इथे ताडकन मोडणार. फार कोवळं घेतलं तर वाकलेलंच राहणार. ओलावा असलेली आणि तरीही मनगटात जोर असावा तशी काठी हवी.

थवा खाली बोलवायला एक कबूतर भुलवणीचं असे. त्याच्या पापण्या दोऱ्यानं शिवत, पाय एका हलत्या बैठकीला बांधत आणि बैठक दोरीनं उचलून सोडून देत. आंधळं पाखरू तोल सावरायला पंख फडफडवी. वरच्यांना वाटे, आपला कुणीतरी खाली उतरतोय. याला ‘स्टूल पिजन’ म्हणत. पोलिसांच्या खबऱ्याला अमेरिकन इंग्रजीत हाच शब्द आहे. ज्याच्या पापण्या शिवल्या त्याच्याच नावावर फितुरी चढवायची, हा भाषेचा अन्यायच म्हणायचा.

मूळ रहिवाशांच्या हातातही काठ्या होत्या, हे विसरून चालणार नाही. सेनेका लोकांच्या भाषेत या कबुतराच्या नावाचा अर्थ ‘मोठी भाकरी’ असा होतो. वसंतात अख्खं गाव वसाहतीपाशी मुक्कामाला जाई आणि लांब काठ्यांनी घरट्यांतली पुष्ट पिल्लं पाडी. पण घरट्यावर बसलेल्या जोड्यांना हात लावायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. त्यामागे कुणी शास्त्रज्ञ नव्हता. पुढच्या वसंतात परत यायचं आहे, एवढं ठाऊक होतं.

गोऱ्या लोकांनी असा दंडक पाळला नाही. केंटकीतल्या ग्रीन नदीकाठच्या थाऱ्यावर रात्री काय चालत असे, ते ऑड्युबननं पाहिलं. लोक सूर्य मावळायच्या आधीच गाड्या, बंदुका, मशाली, गंधकाची भांडी आणि काठ्या घेऊन बसलेले. थवे आले की काठ्यांनी झोडपायला सुरुवात. पाखरांच्या ओझ्यानं फांद्या मोडून खालच्या पाखरांवर कोसळत. आवाज इतका, की बंदुकीचा बार ऐकू येत नसे. कुणी पुन्हा बार भरताना दिसला तरच कळे. दोन शेतकऱ्यांनी तर आपली ३०० डुकरं शंभरावर मैल हाकत आणली होती, उरलेली पाखरं खाऊन ती गलेलठ्ठ व्हावीत म्हणून.

आणि तरीही थवे येत राहिले. खरा प्रश्न इथे आहे. दोनशेहून अधिक वर्षं काठी, जाळं आणि बंदूक चालू होती. मग जे दोन शतकांत झालं नाही ते शेवटच्या तीस-चाळीस वर्षांत कसं झालं?

माझ्या मते त्याचं उत्तर खोपट्यातल्या वाट पाहण्यात आहे. लपणीत बसलेल्या माणसाला थवा कुठे आहे हे माहीत नसे. तो आला तर आला, नाही तर पुढल्या वर्षी. ज्या गावावरून थवा गेला त्या गावाची चंगळ. पण त्या गावानं खाऊन, खारवून, डुकरांना घालून किती संपवावं? शंभर कोसांवरच्या गावाला पत्ताही नसे. हे अज्ञान हीच कबुतराची ढाल होती.

१८४४ सालच्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्रात एक जाहिरात आली. सॅम्युअल मोर्सला वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तार टाकायची होती. आधी ती जमिनीखालून न्यायचा प्रयत्न फसला होता. म्हणून खांब हवे होते. चेस्टनटचे, सालीसकट, सरळ आणि निकोप असे ७००. त्यातले ६८० चोवीस फुटी आणि २० तीस फुटी, बुंध्याशी किमान आठ इंच जाडीचे. ज्या झाडाची फळं खाऊन हे पाखरू वाढत होतं, त्याच झाडाचे खांब! मोर्सच्या मनात अर्थातच कबुतरं नव्हती. मे महिन्यात पहिली तार गेली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ते खांब रानावनांतून पसरले. त्यांच्या बाजूनं रेल्वेचे रूळ गेले.

आपल्या गझलांमधून आणि गाण्यांमधून कबूतर निरोप घेऊन जातं. इथे तारेनं कबुतराचाच निरोप नेला. अमुक रानात घरटी बांधायला सुरुवात झाली, ही खबर स्टेशनवरून सुटे आणि दूरदूरच्या राज्यांतून धंदेवाईक पारधी जाळी घेऊन पुढच्या गाडीत चढत. हे लोक वर्षभर थव्यांच्या मागे फिरत. माल पिंपांत बर्फ घालून शिकागो, न्यूयॉर्कच्या बाजारात जाई. खोपटं तेच, ताणलेली काठी तीच, भुलवणीचं कबूतर तेच. वाट पाहणं मात्र संपलं.

१८७१ साली विस्कॉन्सिनमध्ये सुमारे २,२०० चौरस किलोमीटरवर घरटी पसरली होती. तिथे १३ कोटी ६० लाख पाखरं असावीत, असा हिशेब पुढे करण्यात आला. १८७८ साली मिशिगनमधल्या पेटोस्की गावाजवळची वसाहत तेव्हाच्या वृत्तांतानुसार ६०-६५ किलोमीटर लांब होती. वसाहतीजवळ जाळं लावायला तिथे कायद्यानं बंदी होती. सॅजिनॉ शहरातले काही लोक तो कायदा पाळला जातो का ते पाहायला मुद्दाम गेले. थोडाफार दंड झाला. पिंपं जातच राहिली. एवढी मोठी वसाहत मिशिगनला पुन्हा दिसली नाही.

मांसापलीकडे आणखी एक गिऱ्हाईक होतं, ते म्हणजे नेमबाजीच्या शर्यती. पेटीतून जिवंत कबूतर सोडायचं आणि टिपायचं. १८८१ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर एकाच स्पर्धेसाठी २० हजार कबुतरं आणली गेली. प्राणिमित्र हेन्री बर्ग यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. त्याच सुमारास सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोस्की यांनी हवेत फेकायची मातीची चकती शोधून काढली. तिचं नावच ‘क्ले पिजन’, मातीचं कबूतर. ऑलिंपिकमधले नेमबाज आज ज्या चकत्या फोडतात, त्या तिच्याच वंशातल्या.

या सगळ्याचा दोष खोपट्यातल्या पारध्यावर टाकण्याची रीत आहे. तो निर्दोष होता असं मी म्हणणार नाही. पण १८५७ साली ओहायो राज्याच्या सिनेट समितीपुढे प्रश्न आला, तेव्हा या कबुतराला संरक्षणाची गरज नाही, असा निर्वाळा तिनं दिला होता. ती माणसं गरीब पारधी नव्हती. थवा डोळ्यांना दिसत होता. मादी घरट्यात एकच अंडं घालते, हेही रानाजवळ राहणाऱ्यांना दिसत होतं. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहायची कुणाला निकड वाटली नाही. जंगलंही तुटत होती, आणि ते कारण अभ्यासक मोठं मानतात. शिवाय हे पाखरू गर्दीतच सुखानं नांदे. झुंड लहान झाली की वीण नीट होत नसावी, असंही अनेकांचं मत आहे. म्हणजे शेवटचं कबूतर मारायला शेवटची गोळी लागलीच असेल असं नाही.

सायमन पोकागन या पोटावाटोमी जमातीच्या लेखकानं १८९५ साली या पाखरावर लेख लिहिला. १८५० च्या मे महिन्यात मॅनिस्टी नदीच्या उगमापाशी तो मुक्कामाला असताना पहाटे त्याला दूरवरून घुंगरांचा आणि मेघगर्जनेचा मिसळलेला आवाज आला. आभाळ तर निरभ्र. तो आवाज कबुतरांचा होता. लेख छापून आला तेव्हा ज्यांनी तो आवाज ऐकला होता अशी माणसं हयात होती, पण थवे नव्हते.

१८९७ साली मिशिगननं दहा वर्षांची शिकारबंदी केली, तेव्हा बंदी घालण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. १९०० सालच्या मार्चमध्ये ओहायोतल्या एका मुलानं एक कबूतर मारलं. पेंढा भरताना डोळ्यांच्या जागी बुटाची बटणं लावली, म्हणून संग्रहालयात त्याचं नाव ‘बटन्स’ पडलं. रानातलं ते शेवटचं, असं बरीच वर्षं मानत. नंतर १९०२ सालच्या इंडियानातल्या एका पाखराची नोंद सापडली. एका राज्यात बेकायदा मारलेला माल दुसऱ्या राज्यात नेण्यावर बंदी घालणारा लेसी कायदाही १९०० सालचाच. रेल्वेच्या पिंपांना बांध घालणारं कलम आलं, ते असं.

शेवटची मादी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात होती. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पत्नीवरून तिचं नाव मार्था ठेवलं होतं. तिचा जोडीदार १९१० साली गेला. १ सप्टेंबर १९१४ रोजी दुपारी ती पिंजऱ्यात मेलेली आढळली. तिला १३६ किलो बर्फाच्या लादीत गोठवून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे पाठवण्यात आलं, रेल्वेनं.