साइक्सचा ‘मल्या’

वाशी तालुक्यात तेरखेड्याजवळ उगम पावणारी तेरणा मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. गोदावरी व कृष्णेच्या खोऱ्यांतल्या खडकाळ ओढ्यांत दगडाला चिकटून राहणारा, बोटाएवढा एक मासा आढळतो. त्याचे शास्त्रीय नाव ‘गारा मुल्या’. यातला ‘मुल्या’ म्हणजे आपला मराठी मल्याच!

हे नाव दिले कर्नल साइक्स यांनी, १८३९ साली. मुंबई सरकारच्या पाहणीसाठी ते दख्खनभर हिंडले होते. बहुतेक नव्या जातींना त्यांनी लोकांच्या तोंडचेच नाव दिले. हेतू हा, की पुढच्या अभ्यासकाला गावात विचारून तोच मासा मिळावा.

पण केवळ नावावरून ओळख पटत नाही. हे मासे दिसायला इतके सारखे, की फ्रान्सिस डे यांनी १८७८ च्या ग्रंथात त्यांच्या अनेक जाती एकाच नावाखाली घातल्या. १९२१ मध्ये सुंदरलाल होरा यांनी या वंशाची नव्याने तपासणी केली. जाती पुन्हा वेगळ्या झाल्या, मल्याचे नाव टिकले.

आपण ओढ्यावर गेलो, तर असा मासा काचेच्या बरणीत घेऊन खालून पाहू. खालच्या ओठामागे चकती आणि मिशांच्या दोन जोड्या दिसल्या, की वंश कळला. जात ठरवायला मुस्कटाचा आकार आणि खवल्यांची संख्याही पाहावी लागते. मग मासा पाण्यात सोडून कोळ्याला त्याचे नाव विचारू : मल्या की मळ्या? साइक्सच्या रोमन लिपीत ल आणि ळ वेगळे दिसत नाहीत. ते काठावरच ऐकावे लागतील.