इंडोनेशियाची विद्यापीठ प्रवेश परीक्षा : इंडोनेशियन आणि इंग्रजी विभागांची तयारी

इंडोनेशियातील सरकारी विद्यापीठांत पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश मिळावा यासाठी दरवर्षी सुमारे आठ लाख विद्यार्थी ‘यूटीबीके’ ही संगणकावर घेतली जाणारी राष्ट्रीय परीक्षा देतात. त्यांपैकी साधारणपणे चारांत एकाहून थोड्या अधिक जणांनाच जागा मिळते. सप्टेंबर २०२२ मध्ये तत्कालीन शिक्षणमंत्री नादिम माकारिम यांनी या परीक्षेतून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल असे विषय वगळण्याचा निर्णय जाहीर केला आणि २०२३ पासून तो अमलात आला. विषयज्ञानाच्या जागी विचारशक्ती, भाषिक आकलन आणि गणिती तर्क यांची कसोटी आली. परिणामी वैद्यकीय शाखेची आकांक्षा बाळगणाऱ्या विद्यार्थ्याचे भवितव्यही आता मुख्यत्वे तो छापील मजकूर किती अचूक वाचतो, यावर ठरू लागले आहे.

२०२५ च्या रचनेनुसार परीक्षेत १६० प्रश्न असून त्यांसाठी १९५ मिनिटे मिळतात. पहिला भाग बौद्धिक क्षमता चाचणीचा. त्यात ९० मिनिटांत ९० प्रश्न सोडवावयाचे असतात. दुसऱ्या भागात इंडोनेशियन भाषेतील आकलनाचे ३० प्रश्न साडेबेचाळीस मिनिटांत, इंग्रजी आकलनाचे २० प्रश्न २० मिनिटांत आणि गणिती तर्काचे २० प्रश्न साडेबेचाळीस मिनिटांत सोडवावे लागतात. प्रत्येक उपविभागाचे घड्याळ स्वतंत्र असते. वेळ संपली की तो विभाग बंद होतो आणि मागे फिरून उत्तर बदलता येत नाही.

या आकड्यांकडे बारकाईने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. बौद्धिक क्षमता चाचणीच्या चार उपविभागांपैकी दोन प्रत्यक्षात इंडोनेशियन भाषेचेच आहेत. एकात शब्दसंपदा, शब्दसिद्धी व सर्वसाधारण आकलन यांवरील २० प्रश्न १५ मिनिटांत, तर दुसऱ्यात वाचन व लेखनकौशल्यावरील २० प्रश्न २५ मिनिटांत विचारले जातात. म्हणजे १६० पैकी ७० प्रश्न राष्ट्रभाषेचे आणि २० इंग्रजीचे. तरीही धास्ती घेतली जाते ती इंग्रजीची. इंडोनेशियन ही ‘आपलीच’ भाषा, तिचा वेगळा अभ्यास कशाला, हा समज या परीक्षेत सर्वांत महाग पडतो.

‘आपली’ भाषा, पण कोणती?

इंडोनेशियात सातशेहून अधिक प्रादेशिक भाषा आहेत. २८ ऑक्टोबर १९२८ च्या युवक प्रतिज्ञेत मलय भाषेच्या पायावर उभी असलेली इंडोनेशियन ही ऐक्याची भाषा म्हणून स्वीकारली गेली आणि १९४५ च्या राज्यघटनेने तिला राज्यभाषेचे स्थान दिले. जावानी, सुंदानी, मदुरी किंवा बालिनी घरांत वाढलेल्या असंख्य मुलांना ती प्रामुख्याने शाळेत भेटते. शहरांत ती घरीही बोलली जाते, पण ते रूप जाकार्ताच्या बोलीवर घडलेले असते. ‘नाही’ या अर्थी प्रमाणभाषेत ‘तिदाक’ म्हणावे, तर बोलताना सर्रास ‘ङ्गाक’ म्हणतात. मराठी मुलाच्या तोंडची बोली आणि पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी यांतील अंतर ज्यांना परिचित आहे, त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच की इंडोनेशियात बोली आणि लेखी रूपांतील दरी शब्दाच्या अंगातच, म्हणजे उपसर्ग-प्रत्ययांत दडलेली आहे.

इंडोनेशियन क्रियापदाला काळ, वचन, पुरुष यांचे विकार होत नाहीत. सारे काम उपसर्ग आणि प्रत्यय करतात. ‘तुलिस’ या मूळ शब्दाला कर्तरी उपसर्ग लागला की ‘मनुलिस’, म्हणजे लिहिणे. येथे मूळचा ‘त’ गळून ‘न’ येतो. त्याच नियमाने ‘पुकुल’ वरून ‘ममुकुल’ (मारणे), ‘किरिम’ वरून ‘मङिरिम’ (पाठवणे) आणि ‘सापु’ वरून ‘मञापु’ (झाडणे) ही रूपे सिद्ध होतात. शब्दारंभी जोडाक्षर असेल तर मात्र व्यंजन टिकते, म्हणून उत्पादन करणे या अर्थी ‘मम्प्रोदुक्सी’. बोलीत हा उपसर्ग अर्धामुर्धा गिळला जातो आणि ‘मनुलिस’चे ‘नुलिस’ होते. त्यामुळे पूर्ण रूप कानांवर क्वचितच पडते आणि परीक्षेत नेमके तेच विचारले जाते.

याचे ठरलेले उदाहरण म्हणजे ‘प्रभाव पाडणे’ हा अर्थ असलेले क्रियापद. ‘पङारुह’ या शब्दापासून ‘ममङारुही’ हे प्रमाण रूप होते, पण नित्य व्यवहारात आणि अनेकदा छापील मजकुरातही ‘मम्पङारुही’ आढळते. दुसरे उदाहरण शिक्षकांचे आवडते आहे. बदल करणे या अर्थी मूळ शब्द ‘उबाह’ आणि त्याचे योग्य रूप ‘मङुबाह’. लोक मात्र ‘मरुबाह’ म्हणतात. इंडोनेशियनमध्ये ‘रुबाह’ म्हणजे कोल्हा, तेव्हा ‘मरुबाह’ म्हणणारा माणूस नियमाप्रमाणे बदल करत नसून कोल्ह्यासारखा होत असतो.

‘कान’ आणि ‘ई’ या दोन अंत्यप्रत्ययांतील भेद याहून सूक्ष्म आहे. ‘तुगास’ म्हणजे नेमून दिलेले काम. एखाद्या व्यक्तीला काम नेमून द्यायचे असेल तर ‘मनुगासी’ आणि कर्म व्यक्ती. काम हेच कर्म असेल तर ‘मनुगास्कान’. बातम्यांच्या भाषेतही हा भेद अनेकदा पाळला जात नाही. उमेदवाराने तो पाठ करण्यापेक्षा प्रत्येक वेळी ‘येथे कर्म कोण?’ हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लावणे हिताचे.

शुद्धलेखनासाठी प्रमाण ग्रंथ ठरलेले आहेत. सुधारित लेखनपद्धती १९७२ मध्ये लागू झाली आणि तिची पाचवी आवृत्ती २०२२ मध्ये आली. शब्दांच्या प्रमाण रूपांसाठी १९८८ मध्ये प्रथम प्रकाशित झालेला ‘कामुस बसार बाहासा इंदोनेसिया’ हा बृहत्कोश पाहावा. त्याची सहावी आवृत्ती २०२३ मध्ये निघाली असून तो आंतरजालावर विनामूल्य उपलब्ध आहे. ‘रिसिको’ की ‘रेसिको’, ‘आपोतेक’ की ‘आपोतिक’, ‘इझिन’ की ‘इजिन’ अशा जोड्यांचे प्रश्न हमखास गुण देणारे असतात. प्रत्येक जोडीत पहिले रूप प्रमाण आहे. ‘दी’ हे अक्षर कर्मणी उपसर्ग असेल तर जोडून आणि स्थानवाचक शब्दयोगी असेल तर तोडून लिहावयाचे, हा नियम तर शाळेपासून शिकवला जातो आणि तरीही दुकानांच्या पाट्यांवर रोज मोडला जातो.

वाक्यरचनेच्या प्रश्नांत दोन दोष पुन्हापुन्हा येतात. पहिला द्विरुक्तीचा : अनेकत्व दाखवणारा ‘पारा’ हा शब्द आधी लावून पुढे ‘सिस्वा-सिस्वा’ असे दुप्पट करणे. दुसरा हरवलेल्या कर्त्याचा. ‘सहभागी झालेल्यांना विनंती करण्यात येते’ अशा धर्तीची सूचना शब्दयोगी अव्ययाने सुरू झाली की वाक्याला व्याकरणदृष्ट्या कर्ताच उरत नाही. सरकारी परिपत्रकांत अशी वाक्ये भरपूर सापडतात, आणि सरावासाठी ती चांगली आहेत.

आकलन विभागाचा स्वभाव निराळा आहे. ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीतील वाचनक्षमतेच्या कल्पनेशी त्याचे जवळचे नाते आहे : मजकूर समजणे, वापरणे, त्याचे मूल्यमापन करणे आणि त्यावर चिंतन करणे. २०२२ च्या पिसा चाचणीत इंडोनेशियाचे वाचनातील सरासरी गुण ३५९ होते, तर सहभागी विकसित देशांची सरासरी ४७६. प्रवेश परीक्षा पाठांतराकडून वाचनाकडे का वळली, याचे उत्तर या तफावतीत काही अंशी सापडते. उतारे माहितीपर असतात तसेच ललितही. कथेतील उतारा आला की पात्राचा हेतू, निवेदकाची भूमिका, न सांगितलेली गोष्ट असे प्रश्न येतात. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना ते अनपेक्षित वाटतात.

चुकीचे पर्याय काही ठराविक साच्यांतून घडवलेले असतात. एखादे विधान जगात खरे असते, पण उताऱ्यात नसते. एखादे उताऱ्यापेक्षा व्यापक, तर एखादे फारच संकुचित असते. कधी कारण आणि परिणाम यांची अदलाबदल केलेली असते. सराव परीक्षेनंतर केवळ गुण मोजण्याऐवजी प्रत्येक चुकलेला पर्याय यांपैकी कोणत्या साच्यातला होता हे वहीत नोंदवावे. शंभर प्रश्न न तपासता सोडवण्यापेक्षा वीस प्रश्न असे तपासलेले बरे. वाचनासाठी १९६५ पासून निघणाऱ्या ‘कोम्पास’ दैनिकाचे अग्रलेख व रविवारच्या कथा आणि १९७१ पासूनचे ‘तेम्पो’ साप्ताहिक ही सामग्री पुरेशी आहे. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘आयपुसनास’ या ॲपवर पुस्तके विनामूल्य मिळतात. रोज एक अग्रलेख वाचून त्यातील प्रत्येक परिच्छेदाचा आशय स्वतःच्या एका वाक्यात लिहिणे, एवढा एकच व्यायाम सहा महिने केला तरी फरक दिसतो.

वीस मिनिटांचे इंग्रजी

इंग्रजी विभागात एका उताऱ्यावर साधारणपणे चार-पाच प्रश्न असतात, म्हणजे वाचन आणि उत्तरे मिळून एका उताऱ्याला चार-पाच मिनिटे. मुख्य कल्पना, लेखकाचा हेतू व सूर, संदर्भातून शब्दाचा अर्थ, दोन उताऱ्यांतील परस्परसंबंध असे प्रश्नांचे स्वरूप असते. व्याकरणाचा थेट प्रश्न येत नसला तरी व्याकरण कच्चे असेल तर उतारा हाती लागत नाही.

इंडोनेशियन विद्यार्थ्याची अडचण त्याच्या स्वतःच्या भाषेतून समजते. तिच्यात क्रियापदाला काळ नाही, नामाला उपपद नाही आणि ‘तो’ व ‘ती’ या दोहोंसाठी ‘दिआ’ हा एकच शब्द आहे. त्यामुळे इंग्रजी वाक्यात घटना आधीची की नंतरची, घडलेली की केवळ कल्पिलेली, सर्वनाम कोणाकडे निर्देश करते, या खुणा डोळ्यांसमोरून निसटतात आणि अनुमानाचे प्रश्न नेमके त्यांवरच उभे असतात. ‘हाउएव्हर’, ‘अनलेस’, ‘रादर दॅन’ यांसारख्या वळण देणाऱ्या शब्दांखाली सरावात रेघ ओढावी, कारण लेखकाचे मत बहुधा त्यांच्या पुढे असते. सूर ओळखण्याच्या प्रश्नांसाठी ‘स्केप्टिकल’, ‘ॲम्बिव्हॅलंट’ अशी वीस-तीस विशेषणे अर्थासह ठाऊक असावीत. रूपसाम्याचा सापळाही आहे. इंडोनेशियन ‘सिम्पातिक’ म्हणजे मनमिळाऊ, आवडून जाणारा. इंग्रजी ‘सिम्पथेटिक’ नव्हे. ‘कोन्सेक्वेन’ म्हणजे बोलेल तसे वागणारा. इंग्रजीतील त्याच्या भावंडाचा अर्थ परिणामाशी बांधलेला.

आरंभी १९८३ पासून प्रसिद्ध होणाऱ्या ‘द जाकार्ता पोस्ट’ या इंग्रजी दैनिकातील लेख वाचावेत. विषय परिचित असल्याने सारे लक्ष भाषेकडे देता येते. त्यानंतर अपरिचित विषयांवरील, विशेषतः विज्ञान व समाजशास्त्रावरील लेखनाकडे वळावे. क्रम उलटा केला तर विद्यार्थी लवकर खचतो.

येथे विषमतेचा प्रश्न टाळता येत नाही. २०१३ च्या अभ्यासक्रमात इंग्रजी प्राथमिक शाळेत सक्तीचा विषय राहिली नाही. जाकार्तातील खाजगी शाळेत बालवर्गापासून इंग्रजी ऐकणारा मुलगा आणि पूर्व नुसा तंगारा किंवा पापुआतील, सातवीत ती प्रथम शिकलेला मुलगा एकाच वीस मिनिटांत एकच उतारा वाचतात. दरीच्या एका बाजूला शिकवणी वर्गांचा मोठा व्यवसाय आहे. त्यांना तेथे ‘बिम्बेल’ म्हणतात. १९८४ मध्ये बांदुंग येथे सुरू झालेली ‘गनेशा ओपरेशन’ ही अशी जुनी संस्था, तर २०१४ मधील ‘रुआंगगुरू’ ही ऑनलाइन पिढीची. कोटा आणि लातूर माहीत असलेल्या वाचकाला हे चित्र अनोळखी वाटू नये. मात्र भाषेच्या विभागांत महागड्या वर्गाचा लाभ गणिताच्या तुलनेने कमी होतो, कारण वाचनाला ‘सूत्र’ नाही.

गुणांकनाची पद्धतही तयारीवर परिणाम करते. प्रश्नाची काठिण्यपातळी सर्व उमेदवारांच्या उत्तरांवरून ठरते, अवघड प्रश्नाचे योग्य उत्तर अधिक मोलाचे ठरते आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. भारतातील सामाईक विद्यापीठ प्रवेश परीक्षेत, जिच्या १३ भाषांत मराठीही आहे, योग्य उत्तराला पाच गुण मिळतात आणि चुकीला एक गुण वजा होतो. तेथील सावध धोरण इंडोनेशियात नुकसानीचे ठरेल.

ही परीक्षा इंडोनेशियन नागरिकांसाठीच आहे. उमेदवाराचे वय २५ वर्षांपेक्षा अधिक असू नये. त्या वर्षी किंवा त्याआधीच्या दोन वर्षांत उच्च माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेल्यांना ती देता येते, पण वर्षातून एकदाच. परदेशी विद्यार्थ्यांचे प्रवेश विद्यापीठे स्वतंत्रपणे करतात. इंडोनेशियन भाषेवरील प्रभुत्व सिद्ध करण्यासाठी ‘यूकेबीआय’ ही शासकीय चाचणी आहे. श्रवण, भाषानियम, वाचन, लेखन व संभाषण असे तिचे पाच विभाग असून गुणांची श्रेणी २५१ ते ८०० आहे.

मराठी भाषकाला या भाषेत आरंभीच ओळखीचे चेहरे भेटतात. ‘बाहासा’ म्हणजे भाषा, ‘गुरू’ म्हणजे शिक्षक, ‘आर्ती’ म्हणजे अर्थ, ‘महासिस्वा’ म्हणजे विद्यापीठातील विद्यार्थी. पण ‘काता’ म्हणजे कथा नव्हे, शब्द. ‘सास्त्रा’ म्हणजे शास्त्र नव्हे, साहित्य. आणि ‘सार्जाना’ हा सज्जनाचा वंशज आज पदवीधर या अर्थाने वापरला जातो.