सनद, दुकानदार आणि समालोचक

अमेरिकेतील इंडियाना संस्थानात हायस्कूलच्या मुलांच्या बास्केटबॉलला जे माहात्म्य आहे, ते परक्या माणसाला प्रथमदर्शनी अतिशयोक्त वाटावे असे आहे. 1911 साली सुरू झालेल्या तेथील अजिंक्यपद स्पर्धेत 1997 पर्यंत शाळांची लहानमोठी अशी प्रतवारीच नव्हती. खेड्यातली शाळा आणि महानगरातली शाळा एकाच आखाड्यात उतरत. न्यू कॅसल या गावाने तर 1959 साली नऊ हजारांहून अधिक प्रेक्षक मावतील असे क्रीडागृह आपल्या हायस्कूलसाठी उभारले. अशा मुलखात ध्वनिक्षेपकापुढे बसून सामन्याचे धावते वर्णन करणाऱ्या गृहस्थाला गावाने आपला माणूस मानले, यात नवल नाही. परंतु त्याचा चरितार्थ खेळावर कधीच चालत नव्हता.

5 ऑगस्ट 1921 रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रावरून बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन करणारा हॅरोल्ड आर्लिन हा मूळचा वेस्टिंगहाउस कारखान्यातला माणूस. म्हणजे या व्यवसायाचा मूळपुरुषच दुसऱ्या धंद्यातून आलेला. आपल्याकडे नभोवाणी सरकारी खाते म्हणून वाढली, आणि बाळ ज. पंडित यांच्या मराठी क्रिकेट-समालोचनामागे आकाशवाणी उभी होती. अमेरिकेत मात्र 1927 च्या कायद्याने रेडिओलहरींची सनद खाजगी मालकांना, तीही मुदतीने आणि लोकहिताच्या अटीवर, बहाल केली, आणि 1934 नंतर फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनच्या अमलात प्रत्येक परवान्यावर एका विशिष्ट गावाचे नाव असे. शाळेच्या सामन्याचे ध्वनिक्षेपण हा त्या अटीचा सर्वांत लोकप्रिय आणि, माझ्या मते, सर्वांत स्वस्त पुरावा होता.

केवळ खेळासाठी वेगळा मनुष्य पोसण्याची ऐपत लहान केंद्रांना नव्हती. पहाटे बातम्या, धान्याचे भाव आणि गावातल्या मृत्यूंची वार्ता सांगावी, दुपारी दुकाने हिंडून जाहिराती गोळा कराव्यात आणि शुक्रवारी रात्री सामन्याला जावे, असा अनेकांचा क्रम असे. सामन्यापुरती दूरध्वनी कंपनीची तार भाड्याने घ्यावी लागे. पुढे टेक्ससमधील क्लीबर्नच्या जॉर्ज मार्टी यांच्या सुटसुटीत प्रक्षेपकाने त्या तारेपासून पुष्कळांना मोकळे केले. कित्येक केंद्रांच्या परवान्यात सूर्यास्ताबरोबर बंद होण्याची शर्त होती, आणि बास्केटबॉल हा तर हिवाळ्यातल्या रात्रींचा खेळ! याहून बिकट पेच नीतीचा होता. धंदेवाईक खेळाडूच्या चुकीवर आसूड ओढणे सोपे आहे. परंतु ऐन मोक्याला ज्याच्या हातून चेंडू निसटला तो सोळा वर्षांचा पोर असावा, आणि त्याच्या बापाच्या औषधांच्या दुकानाची जाहिरात मध्यंतरात वाचावयाची असावी, अशा वेळी सत्य किती बोलावे याचा निवाडा त्याच क्षणी करावा लागे. या संयमाला मी भित्रेपणा म्हणणार नाही. कारण दुसऱ्या दिवशी त्याच बाजारपेठेतून समालोचकाला हिंडावयाचे असे.

स्थानिक केंद्राच्या खुर्चीतून काहींना मोठी वाट सापडली. रोनाल्ड रेगन यांनी 1932 साली आयोवातील डॅव्हनपोर्टच्या केंद्रावर विद्यापीठाच्या फुटबॉलचे वर्णन केले, नंतर डे मॉइन येथे तारेने येणाऱ्या त्रोटक मजकुरावरून शिकागोचे बेसबॉल सामने जणू डोळ्यांदेखत घडताहेत असे रंगविले, आणि 1937 साली ते चित्रपटात गेले. मला मात्र इंडियानातल्याच फोर्ट वेनचे समालोचक हिलियर्ड गेट्स अधिक जवळचे वाटतात. 20 मार्च 1954 रोजी बटलर फील्डहाउसमध्ये अवघ्या 161 विद्यार्थ्यांच्या मिलान हायस्कूलने मन्सी सेंट्रलला 32–30 असे नमविले. मिलानच्या बॉबी प्लंपने चेंडू चार मिनिटांहून अधिक वेळ नुसता धरून ठेवला होता, आणि अखेरच्या क्षणी त्यानेच तो जाळीत टाकला. त्या विजयाच्या प्रेरणेने 1986 साली ‘हूझियर्स’ हा चित्रपट निघाला, तेव्हा त्यातल्या समालोचकाची भूमिका गेट्स यांनी केली.

1996 च्या दूरसंचार कायद्याने एका मालकाने देशभर किती नभोवाणी केंद्रे बाळगावीत यावरील मर्यादा उठविली, आणि काही वर्षांतच क्लिअर चॅनल या एकाच कंपनीच्या ताब्यात हजारांहून अधिक केंद्रे आली. दूरच्या दप्तरात बसलेल्या हिशेबनिसाला गावचा समालोचक हा खर्चाच्या रकान्यातला एक आकडा दिसला. 2013 साली शालेय क्रीडासंघटनांच्या राष्ट्रीय महासंघाने वर्गणी घेऊन सामने दाखविणारे जाळे उभारले. त्यातल्या पुष्कळ क्रीडागृहांत कॅमेरा माणसाविना आपोआप चेंडूमागे वळतो, आणि वर्णन करावयास कोणी हौशी मिळाला नाही तर सामना शब्दांवाचूनच घरोघर जातो.