जुन्या शाळांच्या भिंती आणि आपली जबाबदारी

आपल्या नांदेड-लातूर भागातील शाळांचा इतिहास सांगताना संस्थापकांची आणि गुरुजनांची नावे आदराने घेतली जातात. इमारतीकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक भिंतींनाही इतिहास असतो, आणि तो वाचला नाही तर त्याची किंमत मुलांना मोजावी लागते.

निजामी राजवटीत प्राथमिक शाळेस तहतानिया, मधल्या शाळेस वस्तानिया व हायस्कुलास फौकानिया म्हणत. १९१८ साली हैदराबादेत उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. तिकडे जाणारी वाट याच मदरशांतून जात असे. घरी मराठी बोलणारी मुलेही तेथे उर्दूतून शिकली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १९६२ साली जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. जुन्या सरकारी शाळा त्यांच्याकडे सोपविण्यात आल्या. म्हणूनच मराठवाड्यात जिल्हा परिषदेची हायस्कुलेही दिसतात. माध्यम बदलले, कारभार बदलला, फळ्यावरची लिपी बदलली; पुष्कळ ठिकाणी भिंती मात्र त्याच राहिल्या.

या भागातील जुन्या बांधकामाची रीत आपल्या परिचयाची आहे. दगडमातीच्या रुंद भिंती, लाकडी खांब-तुळया आणि वर माळवद. उन्हाळ्यात आत गारवा राहतो, हा त्याचा गुण. पण भिंतीचे आतले व बाहेरचे दगड एकमेकांत गुंतवलेले नसतात. मध्ये माती आणि कपच्या भरलेल्या असतात. माळवद गळू लागले की त्यावर आणखी माती टाकली जाते आणि छपराचे ओझे वर्षागणिक वाढते. खाली काळी माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते व पाया हलतो.

याचा परिणाम ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास साऱ्या देशाने पाहिला. किल्लारीच्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे गेली. तज्ज्ञांचा निष्कर्ष स्पष्ट होता : माणसे मारली ती जड छपरांनी आणि न बांधलेल्या भिंतींनी. त्या वेळी मुले घरी होती, वर्ग रिकामे होते. हाच धक्का दुपारी अकराला बसला असता तर? हा प्रश्न प्रत्येक आईबापाने स्वतःला विचारावा. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली भागातील भूकंपाचे धक्के नांदेडलाही जाणवले, हे विसरून चालणार नाही. शिवाय इमारत पडण्यास भूकंपच लागतो असे नाही. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात सरकारी शाळेचे छत कोसळून सात मुले दगावली. ते पावसाळ्याचे दिवस होते.

मग जुनी शाळा पाडूनच टाकावी काय? प्रत्येक वेळी नाही. माळवदावरची जादा माती उतरविणे, भिंतीत आरपार दगड बसवून दोन्ही अंगे जखडणे, दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना फिरणारा काँक्रीटचा पट्टा घालणे, खांब-तुळयांचे सांधे पक्के करणे, पायापासून पाणी दूर काढणे : किल्लारीनंतर हे उपाय या भागात शिकविले गेले. मात्र कोणती इमारत दुरुस्त करावी व कोणती उतरवावी हे अभियंत्यानेच ठरवावे. वरून रंग देऊन तडे झाकणे ही दुरुस्ती नव्हे, ती फसवणूक आहे.

पालक बंधु-भगिनींनो, १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला सर्व ऋतूंत टिकणारी इमारत आवश्यक ठरविली आहे. सरकारी व जिल्हा परिषदेच्या शाळांतील व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, आणि शाळेचा विकास आराखडा हीच समिती तयार करते. तेव्हा उर्दू शाळा असो वा मराठी, बैठकीला जा. तपासणीची मागणी ठरावात लिहून घ्या, त्याची पोच घ्या आणि काम होईपर्यंत पाठपुरावा करा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही डोळे उघडे ठेवा. भिंतीला नवा तडा दिसला, छतातून माती गळू लागली, तर त्याच दिवशी गुरुजींना सांगा. ज्या वास्तूने तीन पिढ्यांना तालीम दिली, तिची निगा राखणे हे त्या पिढ्यांचे ऋण फेडणेच होय.