वीज आहे, पण बंदर नाही! भूतानमध्ये गुंतवणूक आणणं इतकं अवघड का?

भूतानची लोकसंख्या आठ लाखांहून कमी. उत्तरेला चीन, बाकी तिन्ही बाजूंना भारत. समुद्र नाही आणि देशात रेल्वेचा एकही मार्ग सुरू नाही. दुसरीकडे चांगल्या नोकरीच्या शोधात हजारो तरुण ऑस्ट्रेलियाला निघून गेले आहेत. त्यांना देशातच काम द्यायचं तर उद्योग हवेत आणि उद्योगांना वीज, रस्ते, विमानतळ, इंटरनेट लागतं. यातलं भूतानकडे काय आहे आणि काय नाही?

सगळ्यात मोठी ताकद कोणती?

जलविद्युत. हिमालयातून वेगाने उतरणाऱ्या नद्यांवर भारताच्या मदतीने प्रकल्प उभे राहिले. १९८०च्या दशकात ३३६ मेगावॉटचा चुखा प्रकल्प सुरू झाला. त्याचा ६० टक्के खर्च भारताने अनुदान म्हणून आणि ४० टक्के कर्ज म्हणून दिला. पुढे ताला (१,०२० मेगावॉट), मांगदेछू (७२० मेगावॉट) आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पुनात्सांगछू-२ (१,०२० मेगावॉट) यांची भर पडली.

उरलेली वीज भारताला विकली जाते. स्वस्त विजेमुळे भारताच्या सीमेला लागून असलेल्या पासाखा औद्योगिक वसाहतीत फेरोसिलिकॉनचे कारखाने आले. पोलाद बनवताना लागणाऱ्या या मिश्रधातूसाठी प्रचंड वीज खर्च होते. पण धरण असो की भट्टी, एकदा सुरू झाली की ती चालवायला मोजकीच माणसं पुरतात. त्यामुळे सरकारी तिजोरीत पैसा आला, तरी नोकऱ्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत.

मग हिवाळ्यात वीज विकत का घ्यावी लागते?

भूतानचे बहुतेक प्रकल्प वाहत्या पाण्यावर चालतात. मोठा साठा करणारे जलाशय नाहीत. पावसाळ्यात टर्बाइन पूर्ण क्षमतेने फिरतात, पण हिवाळ्यात नद्यांचं पाणी आटलं की उत्पादन कोसळतं. मग हाच देश भारताकडून वीज विकत घेतो. वर्षभर अखंड वीज हवी असलेल्या उद्योजकासाठी हा कळीचा मुद्दा आहे.

त्यावर उपाय म्हणून २०२४ मध्ये मुंबईस्थित टाटा पॉवर आणि भूतानची सरकारी कंपनी द्रुक ग्रीन यांच्यात ५,००० मेगावॉटसाठी करार झाला. त्यात जलविद्युतसोबत सौर आणि पंप स्टोरेज प्रकल्पही आहेत.

माल बाहेर कसा जातो?

मुख्यतः ट्रकने. फुंटशोलिंग हे सीमेवरचं शहर म्हणजे व्यापाराचं प्रवेशद्वार. तिथून कोलकाता बंदर सुमारे ७०० किलोमीटर लांब. फुंटशोलिंग ते राजधानी थिंफू हा घाटरस्ता भारताच्या सीमा रस्ते संघटनेच्या 'दंतक' प्रकल्पाने बांधला. पावसाळ्यात दरडी कोसळल्या की घाटातली वाहतूक अडते.

२०१९ मध्ये एक वेगळा प्रयोग झाला. भूतानची खडी ट्रकने आसाममधल्या धुबरीपर्यंत आणि तिथून ब्रह्मपुत्रेतून जहाजाने बांगलादेशातल्या नारायणगंजला गेली.

सप्टेंबर २०२५ मध्ये भारताने दोन रेल्वेमार्ग जाहीर केले. आसाममधलं कोक्राझार ते गेलेफू (६९ किमी) आणि पश्चिम बंगालमधलं बनारहाट ते सामत्से (२० किमी). एकूण खर्च सुमारे ४,०३३ कोटी रुपये.

विमान आणि इंटरनेटचं काय?

पारो हा आतापर्यंतचा एकमेव आंतरराष्ट्रीय विमानतळ. तो डोंगरांच्या कुशीत असल्याने खास प्रशिक्षण घेतलेले वैमानिकच तिथे विमान उतरवतात. इंटरनेट मुख्यतः भारतातून येणाऱ्या फायबर केबलवर चालतं आणि या केबल सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्यातून येतात. तिथे बिघाड झाला तर फटका थेट भूतानला. २०२५ मध्ये स्टारलिंकची उपग्रह सेवा सुरू झाल्याने एक पर्याय मिळाला आहे.

गेलेफूवर एवढी भिस्त का?

राजे जिग्मे खेसर नामग्येल वांगचुक यांनी १७ डिसेंबर २०२३ रोजी 'गेलेफू माइंडफुलनेस सिटी'ची घोषणा केली. आसाम सीमेवरचा हा भाग भूतानमधल्या दुर्मीळ सपाट जमिनींपैकी एक. इथे स्वतंत्र कायदे असलेलं विशेष प्रशासकीय क्षेत्र, नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि रेल्वे अशी योजना आहे. वीज, रेल्वे आणि विमान एकाच ठिकाणी मिळालं, तर कारखान्यांच्या पलीकडचे उद्योगही येतील, ही अपेक्षा.

अडचण कुठे येऊ शकते?

रेल्वे, बंदर, केबल आणि हिवाळ्यातली वीज, या सगळ्याच्या नाड्या भारताच्या हातात आहेत. शिवाय डोंगरातले प्रकल्प रखडतात. १,२०० मेगावॉटचा पुनात्सांगछू-१ धरणाजवळची टेकडी खचू लागल्याने वर्षानुवर्षं अडकला. गेलेफूची कामंही अशीच लांबली, तर तोवर आणखी एक पिढी परदेशाची वाट धरेल. भूतानसाठी खरी स्पर्धा वेळेशी आहे.