घटलेल्या उत्पन्नातील घरखर्च : कात्री नेमकी कोठे लावावी?

चंडीगड आणि शिमला येथून काम करणारा केंद्र सरकारचा श्रम ब्युरो दरमहा औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक तयार करतो. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता आणि निवृत्तिवेतनधारकांची महागाई सवलत याच निर्देशांकावरून ठरते. उत्पन्न घटलेल्या कुटुंबाला कोणता खर्च आधी तपासावा हे ठरवतानाही त्याची मांडणी उपयोगी पडते.

उत्पन्नातील घट

पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांची राजधानी असलेल्या चंडीगडमध्ये शासकीय सेवेतील व सेवानिवृत्त कुटुंबांची वस्ती मोठी आहे. जुन्या योजनेनुसार केंद्रीय कर्मचाऱ्याला अखेरच्या मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळते. त्याच्या पश्चात सर्वसाधारण कुटुंब निवृत्तिवेतन ३० टक्के असते. कोरोना साथीच्या काळात, १ जानेवारी २०२० ते ३० जून २०२१ पर्यंत, केंद्राने महागाई भत्त्याची वाढ रोखून धरली होती. १ जुलै २०२१ पासून हा दर १७ वरून २८ टक्के करण्यात आला, परंतु मधल्या १८ महिन्यांची थकबाकी देण्यात आली नाही. खासगी क्षेत्रात रोजगार गमावलेल्यांना एवढाही आधार नव्हता.

खर्चाची विभागणी

२०१६ हे पायाभूत वर्ष धरून सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या निर्देशांकात खाद्यपदार्थ व पेये यांचा भारांक ३९.१७, घराचा १६.८७, कपडे व पादत्राणांचा ६.०८, इंधन व प्रकाशाचा ५.५०, तर पान, सुपारी व तंबाखूचा २.०७ आहे. आरोग्य, शिक्षण, प्रवास, दळणवळण व मनोरंजन यांचा समावेश असलेल्या संकीर्ण गटाचा भारांक ३०.३१ आहे.

या प्रमाणानुसार खाद्यखर्चात दहा टक्के बचत झाल्यास एकूण खर्च सुमारे चार टक्क्यांनी घटतो. इंधन व प्रकाशात तेवढीच बचत केल्यास घट जेमतेम अर्धा टक्का होते. ही कामगार कुटुंबांची सरासरी आहे. प्रत्येक घराचे प्रमाण निराळे असते, म्हणून किमान तीन महिन्यांची नोंद ठेवून आपली विभागणी काढणे ही पहिली पायरी ठरते. उत्पन्न जितके कमी, तितका अन्नावरील खर्चाचा वाटा अधिक, असे जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्येच दाखवून दिले होते.

अन्न : दर कमी, आहार नव्हे

खाद्यखर्चातील बचत ताटातून न करता खरेदीतून करणे हिताचे असते. शेतकऱ्याने माल थेट ग्राहकाला विकावा, या हेतूने पंजाबमध्ये १९८७ साली ‘अपनी मंडी’ सुरू झाली. चंडीगड परिसरातही ठरलेल्या वारी असे बाजार भरतात. आंध्र प्रदेशातील रयतु बाजार आणि महाराष्ट्रातील शेतकरी आठवडी बाजार याच धर्तीचे आहेत. हंगामी भाजी, आठवड्याची एकत्रित खरेदी आणि शिळे उरणार नाही असा अंदाज यांतून खर्च कमी होतो. डाळी, दूध व अंडी यांना कात्री लावल्यास तिची झळ प्रथम मुलांना व वृद्धांना बसते.

औषधे

जन औषधी योजनेतील पहिले केंद्र २००८ मध्ये अमृतसर येथे सुरू झाले. या केंद्रांत मूळ औषधी घटकाच्या नावाने विकली जाणारी जेनेरिक औषधे नाममुद्रांकित औषधांपेक्षा बरीच स्वस्त मिळतात. बदल करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रक्तदाब वा मधुमेहाच्या गोळ्या काटकसरीसाठी मध्येच थांबवणे धोक्याचे असते.

वीज

६० वॅटचा जुना दिवा रोज पाच तास वापरल्यास महिन्याला ९ युनिट वीज लागते. ९ वॅटच्या एलईडी दिव्याला सुमारे १.३५ युनिट पुरते. दोन किलोवॅटचा गीझर रोज दहा मिनिटे कमी चालवल्यास महिन्याला १० युनिट वाचतात. चंडीगडच्या कडक थंडीत ही बचत अनेक दिवे बंद ठेवण्याहून मोठी ठरते.

पुढे ढकललेला खर्च

आरोग्यविम्याचा हप्ता, दातांचे उपचार, गळक्या नळाची दुरुस्ती अथवा मुलांचे शुल्क लांबणीवर टाकल्यास ताळेबंद महिनाभर जुळतो, परंतु तोच खर्च पुढे अधिक मोठा होऊन येतो. तो भागवण्यासाठी चढ्या व्याजाने कर्ज काढावे लागल्यास आधीची सर्व बचत वाया जाते. त्यामुळे कपातीच्या यादीबरोबरच, कोणत्याही स्थितीत न थांबवण्याच्या खर्चांची यादीही घरातील सर्वांनी मिळून आधीच ठरवणे आवश्यक आहे.